आमची मालमोटार

पन्नाशी उलटली म्हणजे मनुष्यानें वनाची वाट धरावी, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे. आम्हीं ती आज्ञा गेल्या डिसेंबरांत पाळली. फक्त दंडकमंडलूच्या जागीं आमच्याजवळ एक खेळण्यांतली मालमोटार होती. पंचवीस वर्षें शेक्सपिअर शिकविणाऱ्या प्राध्यापकानें मांडीवर मालमोटार घेऊन आलापल्लीहून हेमलकशाकडे जाणाऱ्या बसमध्यें बसावें, हें दृश्य सहप्रवाशांना गमतीचें वाटलें असल्यास त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं.

मोटार मूळची आमच्या मुलाची, आणि बिनतारी लहरींवर चालणारी. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें तारेवांचून हुकूम मानणारी एक लहानशी नाव लोकांना दाखविली. तिचेंच हें नातवंड. हातांतल्या पेटींतून लहर निघावयाची, मोटारींतल्या ग्राहकानें ती टिपावयाची, आणि मग एका यंत्रानें पुढचीं चाकें वळवावयाचीं व दुसऱ्यानें विजेचा प्रवाह कमीजास्त करावयाचा. मुलगा बारा वर्षांचा असतांना तिचें प्लॅस्टिकचें कवच फुटलें. त्यानें पुठ्ठ्याचें नवें कवच करावयास घेतलें होतें. तें अर्धें झालें असतां त्याचे सहामाहीचे गुण हातीं आले, आणि आम्हीं तो पुठ्ठा बंबांत घातला. सांगाडा तेवढा माळ्यावर गेला.

मुलगा पुढें उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला व परदेशीं गेला. दर रविवारीं तो दूरध्वनीवरून आमच्या प्रकृतीची चौकशी करतो, आम्ही त्याच्या तिकडील हवेची करतों, आणि एवढ्यांत बोलणें संपतें.

गेल्या पावसाळ्यांत माळा झाडतांना सांगाडा सांपडला. नवे विद्युत्घट घालून पाहिले, तों चाकें फिरलीं! मग आम्हांस स्वस्थ बसवेना. तयार कवच विकत मिळतें. जपानांतील तामिया कंपनी एकास चौदा या प्रमाणांत फार देखणीं कवचें करते. परंतु तीं युरोप-अमेरिकेंतल्या मोटारींचीं. आमच्या रस्त्यावरची मालमोटार अशी आयती कधींच नव्हती. १९५४ सालीं जमशेदपुरास डेमलर-बेंझच्या सहकार्यानें टाटांच्या मालमोटारी तयार होऊं लागल्या. तेव्हांपासून कित्येक दशकें बहुतेक मालकांना कारखान्यांतून मिळे तो चाकांवरचा सांगाडा, इंजिन आणि पुढचें तोंड. केबिन, हौदा, फाळके हें सर्व ठिकठिकाणचे सुतार-लोहार आपल्या अकलेनें चढवीत. म्हणून एका मोटारीसारखी दुसरी नसे. आम्हीं तीच वहिवाट पुढें चालविली.

सुताराकडच्या सागाच्या ढलप्यांचा हौदा केला. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बोनेट केलें, मोडक्या छत्रीच्या काड्यांचे कठडे केले, बिघडलेल्या विजेरीचे दिवे बसविले. पुढची कांच म्हणून आमच्याच गुडघ्याच्या जुन्या क्ष-किरण चित्राची फिल्म, तिच्यावरचा काळा लेप धुऊन काढून, लाविली. त्या गुडघ्यानें आम्हांस पुढचें कांहीं दाखविलें असें हें प्रथमच.

हौदा मात्र आम्हीं इतका भक्कम केला कीं पहिल्याच वळणावर मोटार कलंडली. गणित सोपें होतें. आम्हीं तें आधीं केलें नव्हतें इतकेंच. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी चौदावा हिस्सा झाली म्हणजे वजन २,७४४ वा हिस्सा झालें पाहिजे. १६ टनांची भरलेली मालमोटार या मापानें सहा किलोंच्या आंत बसावयास हवी. आमची रिकामीच सहा किलो भरली, आणि भार सारा डोक्यावर! लाकूड तासून निम्मे केलें, जड घट तळाशीं नेले, तेव्हां कुठें ती उभी राहिली.

त्या बाजूस शिक्षक असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती हेमलकशाच्या मुलांना दाखविण्याचें आमंत्रण दिलें. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं येथें माडिया गोंडांसाठीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. १९७६ सालीं शाळा निघाली. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं आरंभीं वीज नसतांना, हाताशीं असेल त्या साधनांनीं येथें रुग्णसेवा केली, हें सर्वश्रुत आहे. अशा ठिकाणीं चार टाकाऊ वस्तूंची मोटार केल्याची प्रौढी मिरविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्हीं ती मुकाट्यानें पटांगणांत सोडली.

मुलें आनंदानें ओरडत तिच्यामागें धांवलीं. खडबडीत जमिनीवर ती बेडकासारख्या उड्या घेऊं लागली. दोष आम्हीं जमिनीस दिला. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मात्र धांवला नाहीं. मोटार थांबल्यावर तो जवळ आला, खालीं वाकून त्यानें तिचा तळ पाहिला आणि विचारलें, "सर, ही उघडते का?"

"हात लावूं नकोस" हे शब्द आमच्या ओठांवर आले. पूर्वीं ते असेच आले होते आणि बाहेरहि पडले होते. या वेळीं आम्हीं खिशांतला पेचकस काढून त्याच्या हातीं दिला.

तासाभरांत चार महिन्यांची आमची मेहनत एका वर्तमानपत्रावर सुटी होऊन पडली. आमच्या छातींत धडधडत होतें, हें कबूल केलें पाहिजे. सायंकाळीं त्यानें सर्व पुन्हां जोडलें; एक स्क्रू उरला, आणि मागचा फाळका मोडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों बांबूच्या कामट्या विणून केलेला नवा फाळका मोटारीस बसलेला! तो आमच्या फाळक्याहून हलका होता, आणि सरळहि.

मोटार आम्हीं तेथेंच ठेविली. निघण्यापूर्वीं तिच्या उड्यांचें चलच्चित्र घेतलें होतें, तें घरीं आल्यावर मुलास पाठविलें. सोबत सर्व हकीकत लिहिली, आणि तो पुठ्ठा बंबांत घातल्याबद्दल आम्हांस आज काय वाटतें, तेंहि लिहिलें. तीं वाक्यें लिहिण्यास आम्हांस बराच वेळ लागला. उत्तर रात्रीं आलें. त्यांत पुठ्ठ्याचा उल्लेख नव्हता. "बाबा, मागचे पाटे उलटे बसवले आहेत. म्हणून ती उडते," एवढेंच होतें.

तो बुधवार होता. थोड्या वेळानें दूरध्वनी वाजला. पाटे कसे बसवावे, हें समजावून देण्यास त्याला पाऊण तास लागला. मधून मधून आम्ही मुद्दाम न समजल्यासारखें करीत होतों. हवेचा विषय निघालाच नाहीं.