दीड सुताची फट

वर्ध्यातील एका अंगणात, कडुनिंबाखाली, ताडपत्री पांघरून ती उभी होती. प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची. मालक आमच्या धर्मग्रामातले निवृत्त शिक्षक. सारे त्यांना मास्तर म्हणतात, आम्हीही म्हणतो. मास्तरांनी ती १९८६ साली जुनी म्हणून घेतली आणि पुढे अडल्यानडल्याला साऱ्या वस्तीसाठी तीच धावली. रात्री-अपरात्री बाळंतिणींना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोहोचविणारी हीच गाडी. त्यांपैकी एका बाळाला धीर निघाला नाही. ते मागच्या आसनावरच जन्मले. आज ते आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजविते.

२०२३ साली मास्तरांनी नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण करून घेतले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काचबिंदूने त्यांची दृष्टी मंदावली. गाडी जागची हलेना. त्यांची एकच इच्छा होती. लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला बाईंना याच गाडीतून चर्चला न्यावे. चालवील थोरला मुलगा.

हे काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतले. आमचे वडील मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी चालवीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या टॅक्सीवर आमचे शिक्षण झाले. सेमिनरीने आम्हाला तत्त्वज्ञान शिकविले, परंतु बॉनेटखाली डोके घालण्याची खोड घरची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा वडिलांचे पुन्हा एकदा दफन केल्यासारखे वाटले. मास्तरांच्या गाडीत आमचा जीव गुंतला तो त्यामुळे.

ताडपत्री काढल्यावर इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. दुखणे होते पत्र्यात. डाव्या बाजूची जमीन आणि दारांखालची पोकळ पेटी गंजून चाळण झाली होती. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चौकट असते, अंग तिच्यावर नुसते बसविलेले असते. पद्मिनीला तशी चौकट नाही. छत, खांब, जमीन आणि ही पेटी मिळूनच तिचा सांगाडा. म्हणून पेटी कापण्याआधी दाराच्या पोकळीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे जोडून ती जखडावी लागते, हे मिस्त्रीला ठाऊक होते. तो तसे बोललाही. पाइप आणायचे, जोडायचे, मग तोडायचे. दोन दिवस मोडणार होते. समारंभाला महिनाही उरला नव्हता. आम्ही म्हटले, "गरज नाही, कापा."

"काहून घाई करता जी फादर?" एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या कोणी सांगितले असते तर तो अडून बसला असता. पाद्र्याचा शब्द मोडायचा कसा, म्हणून त्याने दारे उतरविली आणि कापायला घेतले. या पेशाला मिळणारा मान कधी कधी असा नडतो.

नवी पेटी जोडून दारे टांगली, तेव्हा पुढच्या दाराची मागची फट वर मिटली होती आणि खाली बोट जाईल इतकी उघडली होती. मागचे दार खांबावर घासत होते. पुढची-मागची चाके आधार देत होती, मधला भाग मात्र खाली झुकला होता आणि झुकल्या जागीच वेल्डिंगने पक्का झाला होता. दाराच्या पोकळीचे कर्ण फितीने मोजले. उजव्या, न कापलेल्या बाजूशी ताडून पाहता दोन सुतांचा फरक निघाला. कुलूप सरकवून, बिजागरी वाकवून एवढा फरक भरून निघत नाही.

रंगाऱ्याने मार्ग सुचविला. दाराची कड थोडी घासायची, बाकी पुट्टीने भरायचे. रंग चढला की कोणाला कळणार नाही. मोह झाला, हे कबूल करतो. अकरा दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी मास्तर मुलाचा हात धरून गॅरेजात आले. त्यांनी दाराच्या फटीत करंगळी ठेवली आणि खालून वर नेली. अर्ध्यावर करंगळी अडकली. ते काही वेळ तसेच उभे राहिले.

"फादर, ही बाजू कोणी कापली?"

आम्ही सांगितले. मिस्त्रीने बजावले होते, हेही सांगितले.

"मग परत कापा," मास्तर म्हणाले. "रंग नसला तरी चालेल. दार लागले पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीने कामाची सूत्रे हाती घेतली आणि आम्ही हमाल झालो. उन्हाळ्यात वर्ध्याचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही, म्हणून मापे पहाटे घ्यायची असे ठरले. पेटीचे सांधे सोडविले. मध्यभागी फळी ठेवून तिच्याखालून जॅकने अंग केसाकेसाने उचलले, दोन्ही बाजूंचे कर्ण जुळले तेव्हा पाइप जोडून ते जखडले. या वेळी दारे टांगलेलीच ठेवली. वेल्डिंग टिपक्या-टिपक्यांनी केले, एक टिपका पुढे तर दुसरा मागे. सलग ओढले तर उष्णतेने पत्रा खेचला जातो.

मग फटी. मागचे दार आधी, कारण त्याच्या मागचा पत्रा अंगालाच जोडलेला, तो हलणार नाही. त्याला जुळवून पुढचे दार, पुढच्या दाराला जुळवून मडगार्ड, बॉनेट सर्वांत शेवटी. आम्ही बॉनेटपासून सुरुवात करायला निघालो होतो! पुढचे दार उघडून टोकाला धरून वर उचलले तर ते खडखडले. बिजागरीची पिन झिजली होती. ती बदलल्यावाचून कोणतेही माप खरे नव्हते. रबर आणि कुलपाचा अडकण काढून ठेवले होते, कारण नवे रबर दाराला बाहेर ढकलते आणि दोष कशाचा ते कळत नाही. शेवटी गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर पूर्ण भार देऊन पुन्हा मोजले. फट दीड सूत, वरपासून खालपर्यंत. रंगाचे थर कडेला चढले की तीही थोडी आवळेल, तेवढी जागा मिस्त्रीने हिशेबात धरली होती.

रंगाला वेळ उरलाच नाही. सुवर्णमहोत्सवाच्या सकाळी मास्तरांची पद्मिनी लाल प्रायमरमध्येच चर्चच्या फाटकातून आत आली. काही पाहुणे हसले. बाई पुढे बसल्या होत्या. मास्तर मागून उतरले, दार लोटले आणि आवाज ऐकायला थांबले. मिस्त्री फाटकाशी उभा होता. मास्तरांनी त्याला हाक मारून आत बोलाविले आणि पहिल्या बाकावर आपल्याशेजारी बसविले.

रंग पुढे दिवाळीआधी झाला. मागचे डावे दार अजून थोडे जोराने लावावे लागते. मिस्त्री म्हणतो, रबर दबले की सुटेल. रविवारी मिस्सानंतर मास्तरांकडे गेलो की आम्ही ते एकदा लावून पाहतो.