चुंबकी पटावर शिकवलेला खेळ

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली आणि आमच्या शिरड शहापूरची पोरंही बुद्धिबळ शिकवा म्हणून मागे लागली. मी शिक्षक. हौसेने वसमतच्या बाजारातून घडीचे चुंबकी पट आणले. स्वस्त, दप्तरात मावणारे, औंढ्याच्या एसटीतही सोंगट्या जागच्या न हलणारे. त्यांच्यावरच मुलांना पहिले धडे दिले. हीच मूळ चूक, पुढच्या चुका तिच्यातून निघाल्या.

त्या पटाचं घर जेमतेम दीड सेंटिमीटरचं होतं. स्पर्धेच्या पटाचं घर पाच ते सहा सेंटिमीटरचं असतं आणि राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच. हे मला ठाऊक होतं, पण फरक केवळ आकाराचा आहे असं मी धरून चाललो. मुलं उंट आणि प्यादं यांत सारखी गोंधळायची, तेव्हा मी त्यांनाच रागवायचो. तो राग आज मला सलतो. नखाएवढ्या सोंगटीच्या टोकावर उंटाची खूणच धड उमटलेली नव्हती. पटाच्या कडेला अक्षरं-आकडेही नव्हते, त्यामुळे खेळी लिहायला शिकवणं मी पुढे ढकलत राहिलो.

सगळ्यात महाग पडली ती हाताची सवय. लहान पटावर एक सोंगटी उचलताना शेजारची चिकटून यायची, नाहीतर बोट लागून सरकायची. मीच म्हणायचो, ‘‘राहू दे, चुकून लागली.’’ शालेय स्पर्धेच्या तालुका फेरीत आमच्या एका मुलाने किल्लेकोट करताना आधी हत्ती धरला आणि मग राजा. समोरच्या मुलाने पंचांना बोलावलं. आधी हत्तीला हात लावला तर त्या खेळीत त्या बाजूला किल्लेकोट करता येत नाही, हत्तीच हलवावा लागतो. राजा मधल्या घरात उघडा राहिला आणि डाव गेला. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, ‘‘सर, तुम्ही हे सांगितलंच नव्हतं.’’ खरंच सांगितलं नव्हतं. राजा आधी, मग हत्ती, दोन्ही एकाच हाताने, हे पहिल्या आठवड्यातच हातात बसायला हवं होतं.

त्या चुंबकी पटांपैकी काही मी वैशाखाच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवले. गोंद सुटला, चुंबक गळून पडले.

छोटा पट वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. ९ जून १९७० रोजी सोयुझ-९ यानातल्या अंतराळवीरांनी जमिनीवरच्या सहकाऱ्यांशी डाव खेळला आणि तो बरोबरीत सुटला. त्यांच्या पटाला खाचा होत्या, सोंगट्या तरंगून जाऊ नयेत म्हणून. प्रवासात मांडणी टिकवणं हेच अशा पटाचं काम. मीही आता परभणीला जाताना पुस्तकातली अंतिम डावाची एखादी स्थिती त्यावर मांडतो. पण इथेही बराच काळ वाया घालवला: मांडली की लगेच सोंगट्या हलवून बघायचो. त्यातून उत्तर सापडतं, विचार वाढत नाही. हल्ली आधी वहीत पूर्ण ओळ लिहितो, मगच पटाला हात लावतो.

शाळेसाठी पट घेणार असाल तर गुंडाळता येणारा रेक्झिनचा, साडेपाच सेंटिमीटर घरांचा, कडेला अक्षरं-आकडे असलेला घ्या आणि बुडाला वजन असलेल्या प्लास्टिकच्या सोंगट्या घ्या. तोही काखेत मारून नेता येतो. चुंबकी पट त्या मुलाच्या हाती द्या, ज्याला किल्लेकोट करताना आधी राजाच उचलायची सवय झाली आहे.