न सांगितलेलें आणि शून्य

नगर-मनमाड रस्त्यावरील आमच्या कोल्हारांत चहा मागतांना कोणी साखरेचा उच्चार करीत नाहीं. ‘दोन चहा’ म्हटलें कीं साखर आपोआप पडते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं जवळच सुरू झाला, तेव्हां या मुलुखांत असें गृहीत धरणें शोभतेंही! ज्यास नको असेल त्यानें ‘बिनसाखरेचा’ असें स्पष्ट सांगावें.

यंदा आम्ही संगणकाच्या पायथन व जावास्क्रिप्ट या भाषा शिकूं लागलों, तेव्हां हीच रीत तेथेंही आढळली. फंक्शन म्हणजे एकदां लिहून ठेविलेलें काम. त्यास हाक मारतांना जी माहिती पुरवावयाची तिला अर्ग्युमेंट म्हणतात. तें ऐच्छिक असेल आणि आपण दिलें नाहीं, तर आधीं ठरविलेली किंमत घेतली जाते.

सोय मोठी खरी. परंतु ‘बिनसाखरेचा’ म्हणणारा आणि मुळींच न बोलणारा हे दोघे एक नव्हेत. जावास्क्रिप्टमध्यें २०१५ पूर्वीं ही किंमत फंक्शनच्या मथळ्यांत लिहितां येत नसे. म्हणून लोक दोन उभ्या रेघांचें ‘किंवा’ हें चिन्ह वापरीत: ‘दिलेली किंमत, किंवा दहा’. पण या चिन्हापुढें शून्यही ‘नाहीं’ असेंच ठरतें. म्हणजे शून्य सांगणाऱ्याच्या पदरीं दहा!

पावसाची नोंद घ्या. आमचा अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेंतला. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी वडील माणसें अजून सांगतात. समजा, कोणी फंक्शन लिहिलें कीं गांव, दिवस व पाऊस द्यावा, आणि पाऊस न कळविल्यास सरासरी धरावी. कळविलेलें शून्य वरील रीतीनें गेलें, तर कोरड्या दिवशींही पाऊस पडल्याची नोंद होईल. यंत्र कुरकुर करणार नाहीं आणि कागदावरून दुष्काळ नाहींसा होईल. शेतकऱ्याच्या पोरांस हें हंसण्यावारी नेतां येणार नाहीं.

२०२० मध्यें जावास्क्रिप्टनें दोन प्रश्नचिन्हांचें नवें चिन्ह घेतलें. तें शून्यास शून्यच राहूं देतें. पायथनमध्यें ‘कांहींच नाहीं’ या अर्थाची ‘नन्’ नांवाची निराळी वस्तु आहे. (मठांतील नव्हे!) मथळ्यांत तीच ठेवावी, आणि आंत ‘हें नन् आहे काय?’ एवढेंच विचारावें. ‘किंवा’ येथेंही योजिलें, तर शून्य पुन्हां सांपळ्यांत सांपडतें.

पावसापुरतें आमचें मत असें कीं, न कळविलेल्या दिवशीं सरासरीही धरूं नये. ती जागा कोरी ठेवावी आणि त्या गांवीं विचारणा करावी.