लिनक्सच्या डेस्कटॉपवर आवाज येईनासा होतो तेव्हा

कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर




लिनक्सवर चालणाऱ्या डेस्कटॉपचा आवाज गेला तरी बहुतेक वेळा यंत्र शाबूत असते. आवाज तयार होतो, पण भलत्याच दाराने बाहेर पडतो किंवा वाटेत कुठेतरी म्यूट झालेला असतो. कन्नडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. कीबोर्डावरच्या एका कळीने होणाऱ्या दुरुस्तीसाठी सीपीयू पोत्यात गुंडाळून एसटीने तिकडे न्यायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि तिथे पुष्कळदा एकच उपाय ऐकायला मिळतो : फॉरमॅट. शाळेतल्या यंत्राच्या बाबतीत तर हा उशीर फारच महाग पडतो. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे दीक्षा या शैक्षणिक पोर्टलवरचे पाठ आहेत. कविता चालीवर ऐकवायची, इंग्रजी शब्दाचा उच्चार कानावर घालायचा, तर मुका संगणक काय कामाचा?

आवाजाची वाट आधी समजून घ्यावी, म्हणजे अंदाजाने बटणे दाबत बसावे लागत नाही. सर्वांत वर ब्राउझर किंवा व्हीएलसीसारखा प्रोग्रॅम. त्याच्याखाली साउंड सर्व्हर. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून कोणता आवाज कुठल्या उपकरणाकडे धाडायचा हे तो ठरवतो. त्याच्याखाली कर्नेलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, अल्सा ही यंत्रणा, मग मदरबोर्डवरची ध्वनीची चिप, शेवटी जॅक, वायर आणि स्पीकर. अल्साचे काम यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केले आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नेलपासून ती लिनक्समध्ये पक्की बसली. साउंड सर्व्हरची जागा मात्र बदलत राहिली. लेनार्ट पॉटरिंग यांचा पल्सऑडिओ २००७ मध्ये फेडोरात आणि २००८ मध्ये उबुंटूत आला. पुढे विम टायमन्स यांच्या पाइपवायरने ती जागा घेतली : २०२१ मध्ये फेडोरा ३४, २०२२ मध्ये उबुंटू २२.१०, २०२४ मध्ये मिंट २२. सी-डॅकने डेबियनवर उभारलेली बॉस असो की मिंट, खालचे थर हेच.

हा इतिहास दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी पडतो. इंटरनेटवर सापडणारे पुष्कळ सल्ले पल्सऑडिओच्या काळातले आहेत. पाइपवायर असलेल्या यंत्रावर ते जसेच्या तसे चालवून पल्सऑडिओ पुन्हा बसवला, तर एकाच जागेवर दोघे हक्क सांगतात आणि नसलेला बिघाड तयार होतो. म्हणून टर्मिनलमध्ये ‘पॅक्टल इन्फो’ (pactl info) ही कमांड देऊन सर्व्हरच्या नावाची ओळ आधी वाचावी. तिच्यात पाइपवायरचा उल्लेख असेल, तर जुने सल्ले बाजूला ठेवावेत. (इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्यायच्या.)

पाटाचे पाणी वावरात पोचले नाही की शेतकरी चारीने उलटा वर चालत जातो. इथेही सुरुवात शेवटच्या टोकापासूनच करावी. स्पीकरला वीज आहे का, त्याचा स्वतःचा आवाज वाढवलेला आहे का, हे पाहून त्याची पिन मोबाइलला लावावी. तिथे वाजला तर स्पीकर ठीक. मग पिन सीपीयूच्या मागच्या बाजूला, हिरव्या जॅकमध्येच आहे ना याची खात्री करावी; गुलाबी जॅक माइकचा, निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. पुढच्या जॅकवर विसंबू नये. तिथून मदरबोर्डपर्यंत एक बारीक वायर जाते आणि जोडणी करताना ती लावायची राहून गेलेली असू शकते.

यानंतर सेटिंग्जमधले आउटपुट. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर आवाज त्याच्याकडे वळणे अगदी नेहमीचे, आणि त्या मॉनिटरला पुष्कळदा स्पीकरच नसतो. यादीतून ‘अॅनालॉग’ किंवा ‘लाइन आउट’ निवडले की बऱ्याच तक्रारी इथेच मिटाव्यात.

एवढ्यावर भागले नाही तर ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा छोटा प्रोग्रॅम बसवावा. नावात पल्सऑडिओ असले तरी तो पाइपवायरवरही चालतो. आवाज कुठवर पोचतो हे तो नेमके दाखवतो. एखादे गाणे लावून त्याचे ‘प्लेबॅक’ हे पान उघडावे. गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची ओळच तिथे नसेल, तर दोष प्रोग्रॅमचा आहे. ब्राउझरचा तो टॅब म्यूट आहे का ते पाहावे. ओळ आहे, खालची पट्टी हलते आहे, पण ‘आउटपुट डिव्हायसेस’ या पानावर हव्या त्या उपकरणाची पट्टी निश्चल आहे, तर आवाज दुसरीकडे जातो आहे. ‘प्लेबॅक’मधल्या त्याच ओळीतल्या यादीतून उपकरण बदलावे. दोन्ही पट्ट्या हलत आहेत आणि तरीही शांतता, तर सर्व्हरपर्यंत सर्व काही नीट आहे आणि अडचण त्याच्याखाली आहे. सर्व्हर प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळे महिन्यापूर्वी म्यूट केलेला ब्राउझर आजही मुकाच उघडू शकतो. शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ पानावर कार्डाचे प्रोफाइल ‘ऑफ’ नाही ना, हेही पाहून घ्यावे.

सर्व्हरच्या खाली उतरण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’. एफ६ दाबून खरे कार्ड निवडावे, कारण पहिल्यांदा दिसते ते पुष्कळदा सर्व्हरचे एकत्रित रूप असते. मास्टर, हेडफोन, फ्रंट, पीसीएम असे उभे खांब दिसतात. खांबाच्या तळाशी एम एम ही जोडी असेल तर तो म्यूट आहे. त्या खांबावर जाऊन एम ही कळ दाबली की तो मोकळा होतो. उजवीकडे सरकत गेले की ‘ऑटो-म्यूट’ भेटतो. हेडफोन लावताच स्पीकर बंद करणे हे त्याचे काम. पण पुढच्या जॅकमध्ये धूळ बसली किंवा त्याची पाती वाकली, तर हेडफोन नसतानाही तो आहे असे चिपला वाटते आणि मागचा स्पीकर गप्प होतो. मक्याच्या मळणीच्या दिवसांत उघड्या खिडकीजवळच्या संगणकाला हे सहज होऊ शकते. ऑटो-म्यूट बंद करावा आणि जॅक साफ करावा.

सेटिंग्जमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसणे हे वेगळे दुखणे आहे. सर्व्हरला कार्डच सापडलेले नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी ‘एप्ले’ (aplay) आणि त्याच्यापुढे जागा सोडून उणे एल, अशी कमांड द्यावी. तिच्या यादीत कार्ड असेल तर कर्नेलला ते दिसते आहे आणि अडले आहे ते सर्व्हरपाशी. पाइपवायर आणि त्याचा सोबती वायरप्लंबर पुन्हा सुरू करावेत, किंवा लॉगआउट करून परत लॉगिन करावे. यादी रिकामी असेल तर ‘एलएसपीसीआय’ने चिप तरी दिसते का ते बघावे. तीही दिसत नसेल तर बायोसमध्ये ऑडिओ बंद केलेला असू शकतो. चिप दिसते पण कार्ड नाही, आणि हे अपडेटनंतर घडले, तर ग्रब या बूट मेनूतल्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नेल चालवून पाहावा. पूर्वी कोणी इंटरनेटवरून उतरवून ‘मॉडप्रोब’च्या फोल्डरमध्ये टाकलेल्या ओळीही कार्ड अडवतात, त्या शोधून काढून टाकाव्यात.

फॉरमॅटचा विचार येण्याआधी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून त्यावरून संगणक सुरू करावा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर निर्दोष आहे आणि दोष डिस्कवरच्या सिस्टिममध्ये किंवा तिच्या सेटिंग्जमध्ये आहे. बऱ्याचदा होम फोल्डरमधल्या ‘पल्स’ आणि ‘वायरप्लंबर’ यांच्या जतन केलेल्या सेटिंग्जच्या फोल्डरांची नावे बदलून पुन्हा लॉगिन करणे पुरते. सगळी सिस्टिम पुसण्याची गरज क्वचितच पडते, आणि मुलांचे काम त्याच डिस्कवर असते हे विसरू नये.

एका वापरकर्त्यासाठी मात्र आवाज जाणे म्हणजे पडदाच जाणे. अंध विद्यार्थी ओर्का या स्क्रीन रीडरवर काम करतो. ईस्पीक एनजी त्याला मराठी मजकूर वाचून दाखवते. आवाजच बंद पडला तर सेटिंग्जमधली कोणती ओळ निवडली आहे हेही त्याला कळत नाही, म्हणजे वरचा पडद्यावरचा एकही उपाय त्याला एकट्याने करता येत नाही. त्याच्या टेबलावर यूएसबी साउंड कार्ड कायम असावे. प्रमाणित यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. ते एकदा लावून आउटपुट म्हणून निवडून ठेवले की पुढे लावताच सर्व्हर बहुधा त्याच्याकडे वळतो. मदरबोर्डवरची चिप खरोखरच जळालेली असेल, तर कोणत्याही डेस्कटॉपला हाच स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे.