चार नंबरचा बॉल

लहान मुलांचा फुटबॉल वेगळ्या मापाचा असतो! मोठ्यांचा पाच नंबर, नऊ-दहा वर्षांच्या पोरांचा चार, आणि त्याहून चिमुकल्यांचा तीन. गेल्या काही दिवसांत भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय. लेकीसाठी क्लब शोधायला निघाले तेव्हा डोक्यात फी, वेळ आणि घरापासूनचं अंतर एवढंच होतं. आता डोक्यात नुसता फुटबॉल आहे.

आणि खारघरमध्ये तो केवढा आहे! संध्याकाळी दिवे लागले की जाळीच्या टर्फवर एकेक बॅच सुरू. सकाळी शाळांच्या ग्राउंडवर शिटीचे आवाज, मागे पांडवकड्याचे डोंगर. सिडकोचं फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स इथेच, आपल्या खारघरात. हार्बर लाइनने तीन स्टेशनं गेलं की नेरुळ; तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2022 ला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. मुलींच्या वर्ल्ड कपची! हे लेकीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “त्यातला बॉल किती नंबरचा होता?” पाच नंबरचा, बाळा. तुला तिथवर पोचायला अजून वेळ आहे.

पण खरी गंमत मला ग्राउंडच्या कडेला उभं राहिल्यावर कळली. एका ठिकाणी वीसेक मुलं रांगेत, बॉल एक. आपला नंबर आला की एक किक, पुन्हा रांगेच्या शेपटाला. दुसऱ्या ठिकाणी कोन लावून एका मैदानाची चार छोटी मैदानं केलेली, प्रत्येकात पाच विरुद्ध पाच, गुडघ्याएवढे गोल, आणि एकही पोर उभं नाही! सरांना विचारलं, असं का? ते म्हणाले, “ताई, मोठा गोल 2.44 मीटर उंच असतो. ही पोरं सव्वाचार फुटांची. वरून गेलेला बॉल गोलकी अडवणार कसा? आणि अकरा-अकरा खेळवले तर दुबळ्या पोराला बॉल लागतच नाही.” पाच जणांत बॉल सारखा पायाशी येतो, चुकतो, सुटतो, परत मिळतो. वय वाढेल तसे पाचाचे सात, साताचे नऊ, आणि मग कुठे अकरा. इतकं साधं, इतकं शहाणपणाचं!

तेव्हापासून मी सगळ्यात चांगल्या पोराकडे बघतच नाही. बॅचमधलं सगळ्यात बुजरं पोर शोधते आणि त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागतो ते बघते. क्लब पारखायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. ट्रॉफ्यांचं कपाट नंतर. बाकीचं सरळ विचारावं: सरांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंग लायसन्स आहे का, एका कोचमागे पोरं किती, मुली आहेत का, मॅचमध्ये सगळ्यांना खेळवता का, आणि खारघरच्या पावसात जून ते सप्टेंबर काय करता? चांगले सर या प्रश्नांवर खूश होतात, अगदी खुलून बोलतात.

2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला पोरगा. त्यानेही कधीतरी छोट्याच बॉलने सुरुवात केली असणार! मला लेकीला वर्ल्ड कपला पाठवायचं नाही. पण परवा तिने डाव्या पायाने पास दिला, समोरच्या मुलीने तो घेतला, आणि दोघी न ओळखताच एकमेकींना टाळी देऊन मोकळ्या झाल्या!

शिनगार्ड आणलेत, स्टड्स अर्धा नंबर मोठे घेतलेत, नाव नोंदवायला जन्मदाखला काढून ठेवलाय. शनिवारी ट्रायल. तुमच्या सोसायटीत कुणाचं पोर असेल तर सांगा, त्यांनाही घेऊन जाऊ. गाडीत जागा आहे.