सव्वीस मिनिटं

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आजोबा रोज रात्री रेडिओच्या बातम्यांआधी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे राहायचे. रेडिओचा शेवटचा ठोका पडला की काटा सरकवायचे. आम्ही हसायचो. दोन मिनिटांनी काय बिघडतं?

मी औषधांच्या शीतगृहात तापमानाच्या नोंदी सांभाळते. लसी, इन्सुलिन वगैरे २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आत सेन्सर, बाहेर भिंतीवर लॉगर. तो दर मिनिटाला आकडा आणि वेळ लिहून ठेवतो. आठाच्या वर गेलं की अलार्म वाजतो.

एका सकाळी आलेख पाहिला तर रात्री तापमान वर गेलेलं. लॉगरप्रमाणे चढ सुरू झाला २:१२ ला, आठ अंश ओलांडले २:३१ ला. दाराची नोंद वेगळ्या यंत्रात असते. तिथे दार उघडलं होतं २:०७ ला. मला वाटलं, सगळं उघडच आहे: दार उघडं राहिलं, गरम हवा आत गेली. रात्रपाळीचे काका म्हणाले, "बेन, पहेलां अलार्म वाग्युं, पछी हुं अंदर गयो." आधी अलार्म, मग दार. पण माझ्या कागदावर दार अलार्मच्या चोवीस मिनिटं आधीचं! काका स्वतःला वाचवताहेत असं समजून मी तसाच अहवाल पाठवला. त्यांना ताकीदपत्र निघणार होतं.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हवर मूळ नोंदी घ्यायला लॉगरपाशी उभी होते. त्याच्या पडद्यावर ११:४१. माझ्या मोबाइलवर ११:१५.

पोटात गोळाच आला. सव्वीस मिनिटं वजा केली. चढ सुरू झाला १:४६ ला, अलार्म वाजला २:०५ ला, दार उघडलं २:०७ ला. काका अक्षरशः खरं बोलत होते. फाटकावरच्या वहीत १:३८ ला वीज गेल्याची नोंद सापडली. जनरेटर लागला, पण कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंदच राहिला होता.

लॉगर बिघडला नव्हता. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत वीस भागांची चूक चालते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. लॉगर बसवून अडीच वर्षं झाली होती आणि त्याची वेळ कुणी एकदाही लावली नव्हती. हिशेब करा, सव्वीस मिनिटंच येतात. गंमत म्हणजे तापमानाच्या अचूकतेचं प्रमाणपत्र दरवर्षी फाइलला लागत होतं, अगदी दशांशापर्यंत. घड्याळाचं कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

आता लॉगर आणि दाराचं यंत्र दोन्ही एकाच टाइम सर्व्हरकडून वेळ घेतात. नोंद आत यूटीसीत राहते, पडद्यावर साडेपाच तास मिळवून दिसते. आणखी एक खोड तेव्हाच सापडली. नेटवर्क तुटलं की लॉगर आकडे साठवतो आणि नंतर एकदम पाठवतो. आमचा सर्व्हर त्या सगळ्यांवर पोहोचल्याची वेळ मारत होता. तासाभराचे आकडे एकाच मिनिटात! आता मोजल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ, दोन्ही लिहितो.

एक नवा मुलगा मिलिसेकंदांपर्यंत जुळवू या म्हणत होता. गरज नाही रे बाबा. आमचा सेन्सर ग्लायकोलच्या बाटलीत बुडवलेला असतो, औषधाच्या कुपीसारखा सावकाश तापावा म्हणून. तो स्वतःच काही मिनिटं मागे असतो. इथे सेकंद चुकला तरी चालेल, मिनिटं नकोत.

पहिला अहवाल मागे घेतला, दुसरा लिहिला, त्यात माझी चूक माझ्या नावानं लिहिली. ताकीदपत्र थांबलं. औषधांचा निर्णय तसाही वेगळा होता. तापमान किती वेळ वर राहिलं यावर तो ठरतो, आणि तो कालावधी चुकीच्या घड्याळातही तेवढाच होता.

काकांना भेटायला मी मुद्दाम रात्री गेले. "माफ करा काका," म्हटलं. त्यांनी मान हलवली, वही पुढे केली आणि विचारलं, आत्ता किती वाजले लिहू?

मी मोबाइल पाहून सांगितलं. त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळ पाहिलं, आणि तेच लिहिलं.