शेवटची काच

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यावर ‘हाफ डोम’ हा ग्रॅनाइटचा विराट कडा उभा आहे. १९१६ साली, वयाच्या १४ व्या वर्षी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आईवडिलांसोबत येथे आले. हाती साधा कोडॅक बॉक्स कॅमेरा होता. पुढे पियानोवादक होण्याचे ध्येय असूनही या पर्वतांची ओढ वाढतच गेली. १० एप्रिल १९२७ रोजी जड कॅमेरा व छायाचित्रणाच्या १२ काचा घेऊन ते कड्यासमोर चढून गेले. अखेर २ काचा उरल्या. पिवळा फिल्टर लावून एक वापरली. पण मनाला जाणवलेली भव्यता तीत उतरणार नाही, हे त्यांनी ओळखले. शेवटच्या काचेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर निवडला. छायाचित्रात आकाश काळवंडले, कडा गंभीर तेजाने उभा राहिला. कळ दाबण्यापूर्वी चित्र मनात पाहावे, या जाणिवेने छंदाची साधना झाली.